पाणी दिसलं नाही तर काय करशील?

गणपतीला दादाकडे डोंबिवलीला गेलो होतो. माळ्यावरून मखराचं सामान काढताना अण्णांची फ्रेम हाताला लागली. काच तडकलेली, एका कोपऱ्यात वाळवीने तिची कलाकुसर केलेली. आत अण्णांचं बॉयलर अटेंडंटचं सर्टिफिकेट, सेकंड क्लास. "टाकून देऊ का हो?" असं वहिनीने विचारलं आणि दादा आणि मी एकाच सुरात "नको" म्हणालो. असं एकमत आमच्यात फारसं होत नाही.

लालबागच्या आमच्या खोलीत भिंतीवर तीनच गोष्टी होत्या. दत्ताची तसबीर, आजोबांचा फोटो आणि ही फ्रेम. लहानपणी मला वाटायचं की तिन्हींना उदबत्ती ओवाळायची असते. एकदा ओवाळलीही होती. आई हसली, अण्णा नाही हसले.

इथे येणाऱ्या नातेवाइकांपैकी बरेच जण मला विचारतात, तू नक्की करतोस तरी काय? डेटा सेंटरमध्ये आहे म्हटलं की ते आपला बिघडलेला लॅपटॉप पुढे करतात. तर बाबांनो, मला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही. नवी मुंबईत एका मोठ्या इमारतीत हजारो कॉम्प्युटर रात्रंदिवस चालतात, त्यांना वीज मिळत राहावी आणि ते तापू नयेत, एवढंच आम्ही बघतो. जनरेटर, यूपीएस, चिलर, पंप. थोडक्यात, अण्णा गिरणीत जे करायचे तेच. फक्त त्यांच्याकडे गरम करायचं काम होतं आणि माझ्याकडे गार करायचं.

फ्रेम सापडली म्हणून हे सगळं आठवलं. आधी अण्णांच्या परीक्षेचा किस्सा सांगतो, मग इतिहासात शिरू.

अण्णा गिरणीच्या बॉयलर खात्यात लागले ते कोळसा ओढायला. शिक्षण सातवी. काही वर्षं भट्टीसमोर काढल्यावर खात्यातल्या जुन्या फायरमनने त्यांना सांगितलं की सरकारी परीक्षा दे, नुसता फावडा मारून म्हातारा होशील. १९७१ साली अण्णा परीक्षेला बसले. परीक्षा तोंडी. समोर साहेब लोक. बाकीचं अण्णा विसरले होते, पण एक प्रश्न त्यांनी आम्हाला इतक्या वेळा सांगितलाय की मला तो स्वतःलाच विचारल्यासारखा आठवतो.

"काचेत पाणी दिसलं नाही तर काय करशील?"

बॉयलरला बाहेरून एक उभी काचेची नळी असते, आतली पाण्याची पातळी तिच्यात दिसते. त्यात पाणी दिसत नाही याचा अर्थ भट्टीच्या डोक्यावरचं पाणी कदाचित संपलंय आणि तिथला पत्रा लाल होत चाललाय. नवख्या माणसाचा हात आपोआप कुठे जाईल? पाण्याच्या व्हॉल्व्हकडे. पाणी कमी आहे ना, मग सोडा पाणी! आणि नेमकं तेच करायचं नसतं. लाल पत्र्यावर गार पाणी पडलं की क्षणात वाफ होते, नरम झालेला पत्रा फाटतो आणि बॉयलर खातं छपरासकट उडतं. आधी आग काढायची, नाहीतर ओल्या राखेनं दाबायची. मग थांबायचं. घाबरलेल्या माणसाला सगळ्यात अवघड वाटणारी गोष्ट म्हणजे थांबणं, आणि परीक्षा त्याचीच होती.

अण्णा पास झाले. चाळीत पेढे वाटले.

या परीक्षेमागे किती माणसं मेली होती हे अण्णांना कुणी सांगितलं नसावं. मलाही फार उशिरा, वाचताना कळलं. एकोणिसाव्या शतकात वाफेचं यंत्र जिथे जिथे गेलं तिथे बॉयलर फुटले. अमेरिकेत नद्यांवरच्या आगबोटी इतक्या फुटायला लागल्या की १८३८ मध्ये कायदा करावा लागला. त्या कायद्यात भर होता तो बॉयलर आणि बोट तपासण्यावर. स्फोट काही थांबले नाहीत. मग १८५२ मध्ये दुसरा कायदा आला आणि त्यात बोटीच्या इंजिनियरला आणि पायलटला लायसन्स सक्तीचं झालं. यंत्राचा कागद अपुरा पडतो, माणसाचाही लागतो, हे समजायला मध्ये चौदा वर्षं गेली. ब्रिटनमध्ये आगबोटींच्या इंजिनियरांना सर्टिफिकेट सक्तीचं करणारा कायदा १८६२ चा.

पण लायसन्सने सगळं सुटतं असंही नाही. १८६५ च्या एप्रिलमध्ये 'सुलताना' नावाची आगबोट मिसिसिपी नदीत मेम्फिसजवळ फुटली. यादवी युद्धातून सुटलेले कैदी सैनिक घरी चालले होते. ३७६ माणसांची बोट, आत दोन हजारांहून जास्त. मेले हजारावर. तिच्या एका बॉयलरचा पत्रा आधीच फुगला होता आणि नीट दुरुस्ती करायला वेळ लागणार होता. सरकार माणशी पैसे देत होतं, उशीर झाला तर सैनिक दुसऱ्या बोटीला गेले असते, म्हणून वरून एक ठिगळ मारून बोट काढली. स्फोटाच्या नेमक्या कारणावर अजून वाद आहेत, पण ठिगळ मारलं होतं हे खरं. कायदा होता, इंजिनियर होता, आणि घाईही होती.

आपल्याकडे १८६३ मध्ये कलकत्त्यात मोठा स्फोट झाला आणि पुढच्याच वर्षी बंगालने बॉयलर तपासणीचा कायदा केला. मग एकेका प्रांताने आपापला केला. एका प्रांतात पास झालेला बॉयलर दुसऱ्यात नापास, असला आपल्याकडचा नेहमीचा कारभार. १९२० मध्ये समिती नेमली, तिचा अहवाल १९२१ चा, आणि १९२३ मध्ये अख्ख्या देशाचा एक बॉयलर कायदा झाला. तो पुढे शंभर वर्षांवर चालला. २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. या सगळ्यातून जी व्यवस्था तयार झाली तिची एक गोष्ट मला फार आवडते. सर्टिफिकेटवाला माणूस हजर नसेल तर बॉयलर चालवायचा नाही. मालक असो, मॅनेजर असो, अटेंडंट नाही म्हणजे वाफ नाही. आणि त्या अटेंडंटच्या परीक्षेला बसायला भट्टीसमोर काढलेली वर्षं चालत. कोळसा ओढणाऱ्यालाही तो दरवाजा उघडा होता.

१८ जानेवारी १९८२. ज्यांना ही तारीख सांगावी लागत नाही त्यांची घरं बहुतेक आमच्याच आसपास असतील. अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि बहुतेकांच्या दृष्टीने तो संप कधी संपलाच नाही. अण्णांना वर्षभराने डोंबिवलीच्या एमआयडीसीत, एका केमिकल कारखान्यात नोकरी मिळाली. तिथे बॉयलर होता, कायद्याने सर्टिफिकेटवाला माणूस लागत होता, अण्णांकडे ते होतं. मुलाखत पाच मिनिटांची. आम्ही डोंबिवलीकर झालो ते त्या कागदामुळे.

आमच्या समोरच्या खोलीतले काका विणकर होते. वीस वर्षांवर साच्यावर उभे राहिलेले. अण्णा म्हणायचे, त्याच्या हातात माझ्या दहापट कला होती. तुटलेला धागा ते न बघता जोडत. पण साचा फुटून माणसं मरत नाहीत, म्हणून विणकराची सरकारी परीक्षा कधी निघाली नाही आणि काकांकडे दाखवायला कागद नव्हता. ते आधी भाजी विकायला लागले, मग गावी गेले. अण्णांना त्या फ्रेमबद्दल अभिमान होता तसं थोडं ओशाळलेपणही होतं, असं मला आता वाटतं.

आता माझ्या धंद्याकडे येतो.

डेटा सेंटरच्या जगात १९९० च्या दशकात पहिली चिंता होती ती बंद न पडण्याची. अमेरिकेत केन ब्रिल यांनी अपटाइम इन्स्टिट्यूट काढली आणि तिने इमारतींना टियर एक ते चार अशा पायऱ्या लावल्या. वीज आणि कूलिंगची सोय किती पदरी आहे त्यावरून पायरी. म्हणजे इथेही पहिलं सर्टिफिकेट यंत्रालाच. इमारत उत्तम असून चालवणारा गडबडला तर ती बंद पडतेच, हे लक्षात घेऊन चालवण्याच्या पद्धतीसाठीचं वेगळं मानक त्याच संस्थेने २०१० मध्ये काढलं. आगबोटींपेक्षा फार वेगळी चाल नाही.

विजेची चिंता आली ती आणखी निराळ्या वाटेने. इथे स्फोट नव्हता, फक्त बिल होतं. आणि बिल भरणारा एक माणूस, चिलर चालवणारा दुसरा, सर्व्हर विकत घेणारा तिसरा, तिघंही एकमेकांना कधी भेटत नसत. २००६ च्या अखेरीस अमेरिकेच्या काँग्रेसने तिथल्या पर्यावरण संस्थेला हिशेब करायला सांगितला. ऑगस्ट २००७ मध्ये अहवाल आला: २००६ साली अमेरिकेतली डेटा सेंटर्स ६१ अब्ज युनिट वीज खात होती, देशाच्या एकूण विजेच्या दीड टक्का, बिल साडेचार अब्ज डॉलर. पाच वर्षांत हे दुप्पट होऊ शकेल असा इशारा. त्याच वर्षी 'ग्रीन ग्रिड' या उद्योगांच्या संघटनेने पीयूई हा आकडा पुढे आणला. अगदी साधा भागाकार आहे. इमारतीत येणारी सगळी वीज भागिले कॉम्प्युटरपर्यंत पोचणारी वीज. उत्तर दोन आलं तर कॉम्प्युटरला एक युनिट देताना दुसरं एक युनिट थंड करण्यात आणि वाटेत उडतंय. अपटाइमच्या पाहणीत २००७ मध्ये सरासरी अडीच होती. पुढे ती उतरली, आणि गेली काही वर्षं १.६ च्या आसपास रुतून बसलीय.

तो हिशेब करण्यात बर्कलीच्या लॉरेन्स प्रयोगशाळेतली माणसं पुढे होती. २००० नंतर ती डेटा सेंटर्समध्ये प्रत्यक्ष जाऊन मोजमाप करत होती. त्यांना आढळलेल्या गोष्टी हसण्यासारख्या होत्या. एकाच खोलीतला एक एसी हवा कोरडी करतोय आणि दुसरा तीच हवा दमट करतोय. गार हवा सर्व्हरपर्यंत न जाता रॅकमधल्या मोकळ्या फटींतून परत फिरतेय. तिथे दोनशे रुपयांची प्लास्टिकची पट्टी लावली तरी फरक पडतो, पण ती लावायचं काम कुणाचं ते ठरलेलं नाही. मग २०१० च्या आसपास अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने 'डेटा सेंटर एनर्जी प्रॅक्टिशनर' नावाचं प्रशिक्षण आणि सर्टिफिकेट सुरू केलं. वर्गात शिकायचं, मोजायला शिकायचं, शेवटी परीक्षा. सगळ्याची जाण असणारे एका बाजूला, कूलिंग किंवा विजेचे खास जाणकार दुसऱ्या.

२०२० च्या ऊर्जा कायद्याने हा कार्यक्रम चालू ठेवायला सांगितलं, आणि सरकारी खात्यांनी आपली डेटा सेंटर्स चार वर्षांतून एकदा अशा सर्टिफिकेटवाल्यांकडून तपासून घेण्याचा 'विचार करावा' असं म्हटलं. विचार करावा! मी ते वाक्य दोनदा वाचलं. १९२३ च्या बॉयलर कायद्यात असल्या नम्रपणाला जागा नव्हती. त्या वेळी माणसं मरत होती, हे कारण उघड आहे. पण २०२४ च्या डिसेंबरात त्याच बर्कलीकरांनी नवा हिशेब दिला. २०२३ साली १७६ अब्ज युनिट, अमेरिकेच्या विजेच्या ४.४ टक्के. दीडवरून साडेचारच्या जवळ. हा धोका आवाज करत नाही, म्हणून त्याला सक्तीही येत नाही.

आपल्याकडे २००१ चा ऊर्जा संवर्धन कायदा आहे आणि त्यातून ब्यूरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीची राष्ट्रीय परीक्षा निघाली. पहिली २००४ मध्ये झाली. एनर्जी मॅनेजरला तीन पेपर, ऑडिटरला चार. मी २०१० च्या सुमारास बसलो. अभ्यासक्रम हातात आला आणि बघतो तर दुसऱ्या पेपरात अख्खं प्रकरण बॉयलरचं! डेटा सेंटरच्या माणसाला बॉयलर कशाला, म्हणून मी चिडलो. मग पुस्तक घेऊन डोंबिवलीला गेलो.

अण्णा तेव्हा सत्तरीला आलेले. मी वाचून दाखवायचो आणि ते डोळे मिटून ऐकायचे. बॉयलरला जाणारं पाणी सहा अंशांनी गरम केलं की इंधन एक टक्का वाचतं. चिमणीतून जाणारा धूर बावीस अंशांनी गार झाला की कार्यक्षमता एक टक्का वाढते. अण्णा म्हणाले, "आकडे आम्हाला नव्हते माहीत. पण चिमणीकडे बघून कळायचं. काळा धूर म्हणजे हवा कमी. अगदीच काही दिसत नाही म्हणजे हवा जास्त, कोळसा आकाश तापवतोय. हलका तपकिरी पाहिजे." ज्याला माझ्या पुस्तकात एक्सेस एअर म्हणतात ते हेच. मी विचारलं, हे तुम्हाला तुमच्या परीक्षेत विचारलं होतं का? म्हणाले, "छे. आम्हाला फक्त मरायचं कसं नाही ते विचारलं. कोळसा मालकाचा होता."

मी पास झालो. अण्णांनी पेढे आणायला लावले.

आता जे लिहितोय ते घरी कुणाला सांगितलेलं नाही.

काही वर्षांपूर्वीची मे महिन्यातली संध्याकाळ. मी तेव्हा दुसऱ्या एका ठिकाणी होतो. वीज गेली, जनरेटर आले, यूपीएसने सर्व्हर धरून ठेवले. पण चिलर बंद पडला आणि परत सुरू होईना, कारण त्याच्यातून पाणी वाहतंय असं फ्लो स्विच सांगत नव्हता. खोलीचं तापमान मिनिटाला अंशभर चढत होतं. फोनवर वरिष्ठ ओरडत होते की स्विच खराब असणार, तो बायपास करा आणि चिलर चालू करा. मीही तेच म्हणालो. माझ्याकडे तेव्हा सर्टिफिकेट होतं, हे मुद्दाम लिहितो. शिफ्टला ठेकेदाराचा एक मुलगा होता, आयटीआय झालेला, पंपांचं सगळं तोच बघायचा. तो चिलरच्या पॅनेलसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "सर, फ्लो दिसत नाहीये. मी नाही करणार."

पाणी न वाहता चिलर चालवला तर आत अडकलेलं पाणी गोठतं आणि नळ्या फुटतात. मग चिलर महिनाभर विसरायचा. हे मला माहीत होतं, परीक्षेत लिहिलंही असतं. त्या क्षणी हात स्विचकडे गेला. तो पोरगा धावत पंपाकडे गेला, गाळणी कचऱ्याने तुंबलेली होती, त्याने दुसऱ्या पंपावर लाइन बदलली. आठ मिनिटं. तापमान सात-आठ अंश चढलं आणि उतरलं. एकही सर्व्हर पडला नाही.

अहवालावर माझी सही आहे. त्याचं नाव त्यात नाही, ठेकेदाराच्या कंपनीचं आहे. पुढच्या महिन्यात डेटा सेंटरच्या एका महागड्या कोर्सला एकाला पाठवायचं होतं, मला पाठवलं. वर्षभराने ठेका बदलला. नव्या ठेकेदाराने सर्टिफिकेटवाल्या माणसांची यादी मागितली. त्या यादीत हा बसला नाही. मी दोन मेल लिहिल्या आणि गप्प बसलो.

त्याला म्हटलं होतं, एनर्जी मॅनेजरच्या परीक्षेला बस. नियम काढून बघितले तर पदवी लागते, नाहीतर इंजिनियरिंगचा डिप्लोमा आणि वर सहा वर्षांचा अनुभव. आयटीआयला जागाच नाही. सातवी शिकलेल्या अण्णांना १९७१ मध्ये साहेबासमोर उभं राहून उत्तर देता आलं होतं. याला प्रश्न विचारायलाच कुणी बोलावणार नव्हतं, आणि उत्तर तर त्याने देऊन झालं होतं.

अण्णा २०१६ मध्ये गेले. हा किस्सा त्यांना सांगायचा राहिला. म्हणजे सांगण्याचं धाडस झालं नाही, खरं तर. "तू काय केलंस मग?" असं त्यांनी विचारलं असतं.

तो मुलगा आता दुसऱ्या शहरात आहे, अशाच कामावर. मागच्या महिन्यात त्याचा फोन आला होता, अनुभवाचं पत्र हवंय म्हणून. संध्याकाळच्या कॉलेजात डिप्लोमाला प्रवेश घेतलाय. पत्र लिहायला बसलो तर तीन पानी झालं, त्या आठ मिनिटांसकट. वाचून म्हणाला, "सर, एवढं नको, एका पानात बसवा, तिथे कुणी वाचत नाही." बसवलं. गाळणीचा उल्लेख मात्र काढला नाही.

फ्रेमला नवीन काच बसवली, दोनशे ऐंशी रुपये. दादा म्हणतो त्याच्याकडे राहू दे, मी म्हणतो माझ्याकडे. वहिनीने निकाल दिवाळीवर ढकललाय.